लेखणी कोणाची, मीठ कोणाचे?

बोलणाऱ्याची बोरे विकतात आणि न बोलणाऱ्याचे आंबे टोपलीत सडतात, हे चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोणीवर बसून दिवस काढणाऱ्या आमच्या शेतकरी बांधवास कोणी शिकवावयास नको. परंतु इतिहासाच्या बाजारातही हाच भाव चालतो, हे त्यास आजवर कोणी नीट सांगितले नाही. तेथे लिहिणाऱ्याचा कोंडा गव्हाच्या दराने गेला आणि न लिहिणाऱ्याचे रक्त जमाखर्चातून गळाले.

म्हणून आज आम्ही एका विशिष्ट जातीच्या लेखकांचा समाचार घेणार आहोत. 'जात' म्हणताच कोणी कान टवकारू नयेत. ही जात जन्माची नव्हे, धंद्याची आहे. एका हातात राज्याचा शिक्का आणि दुसऱ्या हातात लेखणी, अशा दुहेरी मुत्सद्द्यांची ही जात. दिवसा वकिली, तह, कारभार, जप्ती. रात्री बखर, इतिहास, आत्मचरित्र! सभासंमेलनांत अशा गृहस्थांची ओळख करून देताना 'मुत्सद्देगिरी व साहित्य यांचा सुवर्णसंगम' हे शब्द हमखास उधळले जातात. शाल पांघरली जाते, नारळ दिला जातो, आणि मागच्या रांगेतला कुणबी, माळी, लोहार, कुंभार, तेली, चांभार मुकाट्याने टाळी वाजवून घरी जातो. आम्ही त्यास विचारतो: बाबा रे, ज्याने निकाल दिला त्यानेच निकालाची हकीकतही लिहिली, तर तुझी बाजू लिहिली कोणी?

वेढा छप्पन्न दिवसांचा, आणि शब्द 'वणवा'

लांब कशास जा? चाकणचा भुईकोट आज घरादुकानांच्या गर्दीत अंग चोरून उभा आहे. सन १६६० च्या पावसाळ्यात औरंगजेबाचा मामा शाइस्ताखान या कोटावर चालून आला. किल्लेदार होता फिरंगोजी नरसाळा. पाठीशी डोंगर नाही, पायाशी कडा नाही. सपाट जमिनीवरचा तट, भोवती खंदक, एवढाच काय तो आधार. जूनच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत छप्पन्न दिवस हा कोट झुंजला. अखेर मोगलांनी भुयार खणून सुरुंग भरला आणि बुरूज उडविला. धूळ खाली बसते तो काय, फुटल्या बुरुजाच्या आत मातीचा दुसरा बांध रचून आतले लोक उभेच! पुढे कोट पडला, पण तो घेण्यासाठी मोगलांचे २६८ लोक ठार आणि ६०० जखमी झाले.

आता हा प्रसंग लिहिला कोणी? पहिला लेखक बादशहाच्या पदरचा मुनशी महंमद काझम. त्याने आलमगीराच्या पहिल्या दहा वर्षांचा सरकारी इतिहास लिहिला. पगार बादशहाचा, कागद बादशहाचा, तेव्हा विजयही बादशहाचाच असावयाचा! आणि गंमत पाहा, ज्या बादशहाने ही लेखणी पोसली त्यानेच दहा वर्षांनंतर सरकारी इतिहास लिहिण्याचे काम बंद करविले. सत्तेच्या मिठावर जगणाऱ्या लेखणीचे आयुष्य असे सत्तेच्या मर्जीइतकेच असते.

दुसरा लेखक आला दीडशे वर्षांनी, समुद्रापलीकडून. सन १८१८ त पेशवाई बुडाली आणि साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह महाराजांशेजारी कंपनी सरकारने आपला अधिकारी बसविला. हाच कॅप्टन जेम्स ग्रँट, जो पुढे ग्रँट डफ या नावाने आमच्या पाठ्यपुस्तकांत शिरला. सन १८२२ त महाराजांच्या हाती कारभार सोपवीपर्यंत राज्य चालवीत होता तोच. या मुक्कामात त्याने बखरी, सनदा, वतनांचे कागद गोळा केले. महाराजांनीही त्यास आपले दप्तर खुले केले. सन १८२६ त लंडनमध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत निघाला. लवकरच त्याचे मराठी भाषांतर होऊन ते आमच्या मुलांपुढे आले. म्हणजे मराठ्यांची पोरे मराठ्यांचा इतिहास शिकू लागली ती कंपनीच्या वकिलाच्या तोंडून!

या माणसाचे श्रम आम्ही नाकारीत नाही. फिरंगोजीचे नाव त्याने नोंदविले. त्याचे शौर्य पाहून खानाने चाकरी देऊ केली आणि या मर्दाने ती नाकारली, हेही लिहिले. एवढे श्रेय त्याच्या पदरात टाकून आम्ही पुढचा प्रश्न विचारतो. मराठ्यांची सत्ता उदयास कशी आली, हे सांगताना या गृहस्थास उपमा कोणती सुचावी? सह्याद्रीतल्या वाळल्या गवताला आग लागून वणवा पसरावा आणि दूरच्या लोकांनी तो पाहून थक्क व्हावे, अशी!

मावळातल्या माणसास वणवा म्हणजे काय हे पुस्तकात वाचावे लागत नाही. वणव्याला धनी नसतो, बेत नसतो, न्याय नसतो. तो पेटतो, पसरतो, आणि पुढे जाळावयास काही उरले नाही म्हणजे आपोआप विझतो. एकदा आमच्या बापजाद्यांच्या राज्यास वणवा म्हटले की पुढचे सगळे सोपे होते. वणवा विझविण्यासाठी कोणी परका पाण्याची घागर घेऊन आला, तर तो चोर ठरत नाही, उपकारकर्ता ठरतो! रेसिडेंटाला राज्य चालवावयाचे होते. इतिहासकाराने त्यासाठी लागणारा शब्द पुरविला. दोन्ही कामे एकाच माणसाची होती, म्हणून घागर कोणाची आणि विहीर कोणाची हे वाचकाच्या ध्यानातच आले नाही.

परंतु वणवा एका कोटात छप्पन्न दिवस कसा थांबला? फुटल्या बुरुजामागे मातीचा बांध घालणारा वणवा कोणी पाहिला आहे काय? राजाराम महाराजांच्या काळी जिंजीस बसून कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. सभासद हाही दरबारचाच माणूस. पण त्याने काय टिपून ठेवले ते पाहा. शिवाजी महाराजांनी जमीन मोजण्यास पाच हात पाच मुठीची काठी ठरविली, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद असा बिघा धरला, नव्या रयतेस गुरे व बी-बियाणे देवविले. वणवा बियाणे जाळतो, वाटत नाही! राजाच्या मिठाला जागूनही जो काठीचे माप लिहून ठेवतो, त्या मुत्सद्द्यास आम्ही हात जोडतो. दरबारी लेखकाची परीक्षा करण्याचे आमचे मापही तेच: त्याच्या पुस्तकात राजाच्या हत्तींच्या संख्येबरोबर रयतेच्या काठीची लांबी आहे की नाही?

ग्रँट डफला पहिले सडेतोड उत्तर दिले ते नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने, सन १८६७ त. ते ब्राह्मण होते, म्हणून त्यांचे श्रेय आम्ही झाकून ठेवावे काय? मुळीच नाही. आमचे भांडण लेखणीच्या मक्तेदारीशी आहे. लेखणी खरी चालली तर ती कोणाच्या हातात होती हे आम्ही मागाहून विचारू.

दुभाष्या आणि खाटीक

मुत्सद्दी लेखकाच्या मागे आणखी एक माणूस उभा असतो, तो दुभाष्या. सन १६७४ त रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर हजर होता. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मागावयास तो आला होता. महाराजांशी त्याचे बोलणे चालले ते नारायण शेणवी या दुभाष्यामार्फत. राज्याभिषेकाचा डोळ्यांनी पाहिलेला जो परकी वृत्तांत आज सांगितला जातो, तो या वकिलाच्या टिपणांतून आला. त्याचे मोल आम्हीही मानतो.

पण त्याच वकिलातीच्या हकिकतीत एक म्हातारा खाटीक येतो. गडावरची ही गोरी माणसे रोज मटण खातात, आपण कित्येक वर्षांत विकले नाही इतके मांस यांनी थोड्या दिवसांत फस्त केले, हे ऐकून तो बापडा त्यांना नुसते पाहण्यासाठी गड चढून आला! लंडनच्या वाचकास हसू यावे म्हणून हा खाटीक कागदावर आला. नजराण्यातल्या अंगठ्यांची नोंद झाली, कोणास काय दिले याची यादी झाली. खाटकाचे नाव विचारावे असे ना वकिलास वाटले, ना दुभाष्यास. रायगडाच्या त्या थोर दिवसांत एक कष्टकरी माणूस परक्याच्या कागदात शिरला, तो विनोद म्हणून. वाचकहो, परक्याच्या लेखणीत आपला शिरकाव होतो तो बहुधा असाच: एक तर आकडा म्हणून, नाही तर गंमत म्हणून!

दुभाष्याची जीभ दोन दारी असते. बाहेरच्याचे बोलणे आत आणि आतले बोलणे बाहेर. वाटेत काय सांडले, काय भरले, हे त्याच्यावाचून कोणास कळणार? पेशवाईच्या अखेरीस बाळाजीपंत नातू याने या विद्येचा कळस केला. पेशव्याच्या घरच्या बातम्या एल्फिन्स्टनच्या कानी घालणारा हाच. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण चढले तेव्हा पुढे होता तोही हाच. पुढे साताऱ्यास ग्रँटच्या हाताखालीही हाच, आणि इनामांचा धनीही हाच. मधला माणूस मातबर होतो तेव्हा दोन्ही टोकांपैकी एक टोक बुडत असते, आणि ते बहुधा गरिबाचे असते. हे सूत्र सन १८१८ त संपले असे मात्र कोणी समजू नये. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर झाडाखाली बसून 'इथं अंगठा लावा, मी सांगतो काय लिहिलंय ते' म्हणणारा आजचा मध्यस्थ त्याच गादीचा वारस आहे.

इतिहास एकीकडे, दक्षिणेची थैली दुसरीकडे

आता एल्फिन्स्टनसाहेबाचाच हिशेब घेऊ. सन १८११ त तो पुण्यास रेसिडेंट म्हणून आला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी आमच्या दापोडीच्या शेजारी खडकीस लढाई झाली, त्याच दिवशी संगमावरची त्याची रेसिडेन्सी जळाली. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि सन १८४१ त त्याने हिंदुस्थानचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी सन १८१९ त त्याने जो अहवाल दिला, त्यात आमच्या गावगाड्याचे बारीक वर्णन आहे: पाटील, कुळकर्णी, बलुते, मिरासदार, उपरी. म्हणजे साहेबास गाव समजला नव्हता असे कोणी म्हणू शकत नाही.

मग समजून केले काय? पेशव्यांच्या काळी ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. त्या पैशातून सन १८२१ त पुण्यास विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. दक्षिणेचा पैसा आला कोठून? पेशव्याच्या वेळी असो की कंपनीच्या, तो आला नांगराच्या फाळातून, घाण्याच्या लाटेतून, कुंभाराच्या चाकावरून! गावगाडा ज्याने पुस्तकात सविस्तर लिहिला, त्याने थैली मात्र जुन्याच दारात नेऊन ठेवली. सरकारच्या सोयीचे होते तेवढे रेसिडेंटाने केले, आणि इतिहासकाराने ते शहाणपण म्हणून मांडले.

या अन्यायाचा जमाखर्च मांडावयास दुसऱ्या बाजूचा लेखक जन्मावा लागला. जोतीराव फुले सन १८७६ पासून सन १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. म्हणजे अधिकाराच्या खुर्चीवर तेही बसले. पण व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर गरिबांचा पैसा उधळण्यास विरोध करणारे सभासद तेच, आणि 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारे लेखकही तेच. सन १८८२ त हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिले आणि साफ सांगितले की सरकारचा वसूल बहुतेक रयतेच्या घामातून येतो आणि विद्या मात्र वरच्या वर्गास मिळते. येथेही खुर्ची आणि लेखणी एकाच माणसाकडे होती. फरक एवढाच की ही लेखणी खुर्चीचे समर्थन करावयास चालली नाही; खुर्चीवर बसून दिसले ते तिने बाहेर येऊन सांगितले. मुत्सद्द्याने लिहू नये असे आमचे म्हणणे नाही. त्याने लिहावे आणि असे लिहावे!

आमचेच मुत्सद्दी

आता कोणी म्हणेल, तुम्ही गोऱ्यांना आणि भटांना झोडपता, आपल्या माणसांचे काय? रास्त प्रश्न आहे. आपल्या घरचा हिशेबही चव्हाट्यावर मांडू.

एका आपल्या माणसाचे नाव घेताना आमची मान ताठ होते. साताऱ्याच्या गादीचा वकील रंगो बापूजी गुप्ते! सन १८३९ त कंपनीने प्रतापसिंह महाराजांस पदच्युत करून काशीस धाडले. ज्या राजाने दप्तर उघडून कंपनीच्या वकिलास इतिहासाचे साहित्य पुरविले, त्या राजाचा हा सन्मान! त्याची फिर्याद घेऊन रंगो बापूजी विलायतेस गेला आणि तेराएक वर्षे तेथे अर्ज, निवेदने, छापील पत्रके काढीत झगडत राहिला. राजा सन १८४७ त काशीस वारला, राज्य खालसा झाले, तरी याची लेखणी थांबली नाही. सन १८५७ च्या बंडात साताऱ्यास ज्यांना देहान्ताची शिक्षा झाली, त्यांत त्याचा मुलगा सीताराम होता. वकिलाने कागद लिहिले म्हणून मुलाचे प्राण वाचले नाहीत, हे खरे. पण ते कागद नसते तर प्रबोधनकार ठाकऱ्यांना सन १९४८ त त्याचे चरित्र कशाच्या आधारावर उभे करता आले असते? हरलेल्या बाजूचे कागद असे शंभर वर्षांनी उपयोगी पडतात.

दुसरे नाव यशवंतराव चव्हाणांचे. देवराष्ट्र्याच्या शेतकरी कुटुंबातला मुलगा; महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला, देशाचा संरक्षणमंत्री झाला, सन १९७४ ते १९७७ परराष्ट्रमंत्री झाला. बहुजनसमाजाच्या माणसाने परदेशी वकिलातींशी बरोबरीने बोलावे आणि घरी येऊन मराठीत स्वच्छ गद्य लिहावे, याचा आम्हांस अभिमान आहे. पण आत्मचरित्राचा 'कृष्णाकाठ' हा भाग सन १९४६ पाशी थांबतो. पुढचे भाग लिहिण्याचा त्यांचा मानस होता. सन १९८४ च्या नोव्हेंबरात ते गेले आणि तो तसाच राहिला.

सन १९४६ नंतर काय घडले? आमच्या या पट्ट्याचे सगळेच! पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना सन १९५४ त आला. यशवंतराव मुख्यमंत्री असताना सन १९६१ चा औद्योगिक विकास कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळ उभे राहिले. सन १९७० त पिंपरी-चिंचवडची नगरपालिका, सन १९७२ त नवनगर विकास प्राधिकरण, सन १९८२ त महानगरपालिका. पुढे हा रेटा चाकणकडे वळला. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरी, वासुली, भांबोली, वराळे या गावांच्या काळीवर कारखान्यांचे पत्रे चढले. हे सारे ठरविणाऱ्यांनी त्या वेळी मनात काय धरले, कोणत्या शेतकऱ्याचे काय ऐकले, काय ऐकले नाही, हे त्यांच्या हातचे आम्हांस वाचावयास मिळाले नाही. कृष्णाकाठ लिहिला गेला; पवनाकाठ, इंद्रायणीकाठ, भामाकाठ कोण लिहिणार? ज्यांच्या नावाने पिंपरीतले मोठे रुग्णालय उभे आहे, त्यांच्या आत्मचरित्रात पिंपरीच्या जमिनीचे पान नाही. हा एका माणसाचा दोष म्हणून आम्ही सांगत नाही, मृत्यूपुढे कोणाचे चालते? पण नेता लिहील आणि आपण वाचू, या भरवशावर म्हसोबाला नवस बोलून बसणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे.

औद्योगिक विकास कायद्याचे कलम ३२ आमच्या किती घरांनी वाचले आहे? त्यात असे आहे की राजपत्रात जमीन घेतल्याची नोटीस प्रसिद्ध झाली, की त्या तारखेपासून ती जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन सरकारच्या मालकीची होते. छापील चार ओळी, आणि सात पिढ्यांची काळी दुसऱ्याची! शाइस्ताखानाला छप्पन्न दिवस आणि एक सुरुंग लागला. राजपत्राला एक सकाळ पुरते. पांढऱ्यावरच्या काळ्यात काय बळ असते, हे यापेक्षा वेगळे काय सांगावे? साडेबारा टक्के परताव्यासाठी निगडी-आकुर्डीकडच्या किती घरांत बापाची फाइल मुलाच्या हातात आली. खुद्द प्राधिकरण सन २०२१ त गुंडाळले गेले, पण फाइल घरातच आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला आणि तीन जीव गेले, त्यांत एक बाई होती. उद्या कोणी मंत्री आत्मचरित्र लिहील. त्यात या दिवसाला किती ओळी मिळतील, आणि त्या कोणाच्या सोयीच्या असतील?

तेल्याची वही

येथे निराश होऊन कपाळाला हात लावणाऱ्यांस आम्ही पुन्हा चाकणलाच नेतो. वेढ्यापूर्वी दहाच वर्षे, सन १६५० त, देहूच्या तुकोबांचे निर्याण झाले. त्यांच्या चौदा टाळकऱ्यांत एक संताजी जगनाडे होता: जातीने तेली, धंदा घाण्याचा, गाव हेच चाकण. समाधी जवळच सुदुंबऱ्यास. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, ही कथा लहान पोरासही ठाऊक आहे. पण तुकोबांचे शब्द कागदावर उतरवून ठेवणारा हात या तेल्याचा होता. संताजीच्या घराण्यातल्या वह्या टिकल्या आणि विसाव्या शतकात वि. ल. भाव्यांनी त्यांवरून तुकोबांची गाथा छापली.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. गाव एक, काळही जवळजवळ एक. चाकणच्या कोटात रक्त सांडणाऱ्यांनी काही लिहिले नाही, म्हणून त्यांची हकीकत बादशहाच्या मुनशीने आणि कंपनीच्या रेसिडेंटाने लिहिली. फिरंगोजी सोडला तर आतल्या माणसांची नावे आमच्या पोरांना कोणी शिकविली नाहीत. चाकणच्या घाण्यावर बसणाऱ्या तेल्याने मात्र आपल्या हाताने लिहिले, आणि त्या शब्दांना वणवा म्हणण्याची छाती आजवर कोणाची झाली नाही. संताजी कोणाचा वकील नव्हता, कोणाचा कारभारी नव्हता. त्याच्या लेखणीला मीठ लागले ते त्याच्या घाण्याचेच.

आता करावयाचे ते

नुसते हळहळून काय होणार? आम्ही चार गोष्टी सुचवितो. त्यांना ना भांडवल लागते, ना कोणाची शिफारस.

पहिली: घरात एक वही असावी. जमिनीचा गट नंबर, फेरफार, नोटिसांच्या तारखा, मोबदल्याची रक्कम, कोणत्या साहेबाने कोणत्या दिवशी काय सांगितले, हे सारे त्याच दिवशी तिच्यात उतरावे. कारखान्यात काम करणाऱ्याने हजेरी, पगार आणि अपघाताच्या नोंदी ठेवाव्यात. सुतार-लोहारांनी आपल्या हुन्नराची नावे, हत्यारांची नावे लिहावीत. म्हातारी माणसे जिवंत आहेत तोवर त्यांच्याकडून गावच्या जमिनीची हकीकत लिहून घ्यावी. सभासदाने काठीचे माप लिहिले; आपण आपल्या बांधाचे लिहू!

दुसरी: दुभाष्यावर विसंबू नये. आपल्या राज्यात सन १९६४ चा राजभाषेचा कायदा आहे. ज्या कागदावर आपली सही किंवा अंगठा हवा, तो आधी मराठीत मागावा, घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि मगच हात पुढे करावा. सून शिकलेली असेल तर तिला पुढे बसवा. चूल तिच्यावाचून घटकाभर थांबेल, जमीन थांबणार नाही.

तिसरी: सरकारचे दप्तर आता रेसिडेंटापुरते उघडे नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा सन २००५ पासून आहे; दहा रुपये फी भरून अर्ज केला तर तीस दिवसांत उत्तर देणे सरकारी कचेरीवर बंधनकारक आहे. ग्रँट डफला दप्तर पाहावयास छत्रपतींची मर्जी लागली. तुम्हांला दहा रुपये लागतात. हे दहा रुपये वर्षातून एकदा तरी खर्च करा. आलेला कागद गावच्या चावडीत वाचा.

चौथी: मत मागावयास येणाऱ्या पुढाऱ्याने आपले पुस्तक भेट दिले तर ते जरूर घ्यावे, वाचावे, आणि पुढच्या सभेत उठून विचारावे: आमच्या गावाची जमीन गेली त्या वर्षाचे पान यात कोणते? पान असेल तर त्याची आपल्या वहीशी ताडून परीक्षा करावी. पान नसेल तर ते लिहून आणावयास सांगावे. शाल-नारळ त्यानंतर.

मुत्सद्दी लिहीत राहतील, वकील टिपणे ठेवतील, मंत्री आत्मचरित्रे छापतील. त्यांना कोणी अडवू शकत नाही आणि अडवूही नये. पण त्यांच्या पुस्तकाशेजारी कुणब्याची वही, तेल्याची वही, कामगाराची वही उभी राहिली, म्हणजे साक्ष दोन्ही बाजूंची होते. एकट्या साक्षीवर चाललेला खटला आमच्या बापजाद्यांनी पुष्कळ सोसला. शेतकरी बंधुभगिनींनो, कारागीर बांधवांनो, आजच्या बाजारातून मीठमिरचीबरोबर एक वही घेऊन या!